फणसेंचा दुसरा फ्लॅश

माणसाचे खरे रूप प्रकाशातच उमगते, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. दिनकरराव फणसे यांचे या वचनाशी भांडण नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की तो प्रकाश डाव्या बाजूने, डोक्यापेक्षा हातभर उंचावरून आणि पांढऱ्या छत्रीवर आपटून यायला हवा. नाहीतर जे उमगते ते माणसाचे रूप नसून त्याचे ओळखपत्र असते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो पासपोर्टच्या फोटोसाठी. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि एका परिषदेच्या निमित्ताने परदेशी जाण्याची शक्यता निर्माण झाली होती. ती पुढे जशी निर्माण झाली तशीच नाहीशी झाली, पण फोटो काढायचा राहिला नाही. दांडिया बाजारात एका किराणा दुकानाच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेले की फणसेंचा स्टुडिओ होता. दहा मिनिटांचे काम म्हणून दोन तासांच्या मधल्या सुट्टीत मी वर चढलो. फणसेंनी मला स्टुलावर बसवले, माझ्याभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "अवघड आहे."

"काय अवघड आहे?"

"चेहरा. टक्कल चमकतं, चष्मा चमकतो आणि नाकाची सावली वरच्या ओठावर उतरते. तुम्ही बसा ने, साहेब. निरांते बसा."

निरांते म्हणजे निवांत, घड्याळाकडे न बघता. बडोद्याच्या मराठीने गुजरातीकडून जे शब्द घेऊन परत केले नाहीत, त्यांतला हा एक.

"अहो, पासपोर्टचा फोटो आहे," मी म्हणालो.

"पासपोर्ट बघणारा पण माणूसच ने? त्याला पण कळलं पाहिजे, कोण आलंय ते."

चाळीस मिनिटांनी फोटो निघाला. असा फोटो माझा त्याआधी कधी निघाला नव्हता. मी त्यात विचार करणाऱ्या माणसासारखा दिसत होतो. चेहऱ्यावर सावली आहे, असा शेरा घेऊन तो अर्जासकट परत आला. मी फणसेंना शेरा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "सावली आहे म्हणजे नाक आहे," ते म्हणाले. "त्यांना बिननाकाची माणसं हवी असतील तर तसं फॉर्मवर छापायला हवं."

त्यानंतर माझे त्यांच्याकडे जाणे-येणे सुरू झाले. फोटोसाठी नव्हे, मी त्यांच्या उपयोगाचा निघालो होतो म्हणून. नवा फ्लॅश, नवी छत्री, नव्या जातीची फिल्म, काहीही आले की फणसे मला बोलावणे धाडत आणि त्याची चाचणी माझ्यावर घेत. "तुमच्यावर बरं आलं, तर कुणावरही बरं येईल," असे त्यांनी मला कौतुकाच्या सुरात सांगितले होते. मीही ते कौतुक म्हणूनच घेतले.

फणसेंचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात शिलेदार होते. त्यांची तलवार घरात होती आणि दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडत असे. एखादा पाहुणा तिच्याकडे गदगदून पाहू लागला, की फणसे त्याला वेळीच आवरत. "ती कधी म्यानातून निघाली नाही. इथे लढाई नव्हती, पगार होता." फणसेंच्या वाट्याला दोन्हींपैकी काही आले नाही, म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला. उंच, सडसडीत माणूस. सफारी शर्टाचे चारही खिसे पेन्सिल सेलांनी भरलेले. ते चालू लागले की सेल एकमेकांवर आपटून वाजत. प्रत्येक सेलवर बायकोच्या नेलपॉलिशने ठिपके दिलेले असत: एका ठिपक्याचे चार एकत्र, दोन ठिपक्यांचे चार एकत्र. जुना सेल नव्यात मिसळला की नवाही आळशी होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. मी वीस वर्षे स्टाफरूममध्ये बसलो होतो. मला ते लगेच पटले.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या फ्लॅशबद्दल त्यांना मनापासून तिटकारा होता. "ती पोलिसांची बॅटरी. चोर शोधायला ठीक. नवरीला कशाला तिच्यात बघायचं?" लाइट पाहुण्यासारखा यायला हवा, बाजूच्या दाराने आणि चपला काढून, थेट अंगावर आला की माणूस दचकतो, आणि दचकलेला चेहरा साव खोटा, म्हणजे अगदीच खोटा असतो, हे ते गिऱ्हाइकाला फोटो काढण्याआधी सांगत. चपला काढायची जागा म्हणजे छत्री. एकूण किती दिवे असावेत याचेही सूत्र ठरलेले होते. "एक दिवा म्हणजे ओळख परेड. दोन म्हणजे माणूस. तीन म्हणजे नाटक. चार म्हणजे फोटोग्राफरला काही कळत नाही."

समारंभांना त्यांना बोलावणे असे, आणि तिथे त्यांचे नेहमी खटके उडत. एका मंडळाच्या अध्यक्षांनी तक्रार केली, की आपण भाषण करत असताना फणसे भिंतीला टेकून उभे होते आणि एकही फोटो घेतला नाही. "भाषण करताना माणूस दुसऱ्याचा चेहरा लावून उभा असतो, साहेब," फणसे म्हणाले. "ते संपलं की पाणी पितो. तेव्हा त्याचा स्वतःचा परत येतो. मी तो काढलाय." अध्यक्षांच्या दिवाणखान्यात तो पाणी पितानाचा फोटो मी पुढे कित्येक वर्षे पाहिला. तो मागवताना त्यांनी मोठ्या आकाराचा मागवला होता.

इतके तत्त्वज्ञान असलेल्या या माणसाजवळ फ्लॅश मात्र एकच होता. दोन म्हणजे माणूस, हे ठरल्यावर दुसरा घेणे भाग होते, आणि तो निवडण्यात फणसेंची तीन वर्षे गेली.

रावपुऱ्यात जयंतीभाईंचे फोटोच्या सामानाचे दुकान होते. फणसे दर शनिवारी तिथे जात, आणि मला वेळ असला तर मीही. जयंतीभाई काचेवर तीन-चार फ्लॅश मांडत. गिऱ्हाइके साधारणपणे एकच विचारतात: जोर किती? फणसेंना जोरात रस नव्हता. "जोर पहिलवानाला हवा. मला सांगा, याला हळू बोलता येतं का?" म्हणजे पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश असा तो हाताने कमी करता येतो का. मग भिंतीवर वीस वेळा उडवून, हातातल्या घड्याळावर, प्रत्येक वेळी पुन्हा भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पहिले पाच सगळेच झटपट भरतात. विसाव्याला जात कळते. मग जुना आणि नवा शेजारी-शेजारी धरून पांढऱ्या रुमालावर उडवायचे. मला दोन्ही उजेड पांढरेच दिसत. फणसे मान हलवत. "हा निळा आहे. एक खिलारी, एक गावठी, अशी जोडी जुंपली तर नांगर वाकडा जातो."

एका शनिवारी जयंतीभाईंचा धीर सुटला. "फणसेभाई, फ्लॅश लेवानो छे के एनी साथे परणवानुं छे?" म्हणजे घ्यायचा आहे, की त्याच्याशी लग्न करायचे आहे?

फणसे शांतपणे म्हणाले, "परणवामां पूछवुं न पडे, जयंतीभाई. बैरी जाते बोले. आ बोलतो नथी." लग्नात विचारावे लागत नाही, बायको आपणहून बोलते, हा बोलत नाही.

अखेर जुन्याच जातीचा, जुन्याच वयाचा एक मिळाला आणि जोडी जमली. दुसरा फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, स्टँडवर, छत्रीसमोर उभा राहायचा. त्याला पेटवायचे कसे, हा प्रश्न होता. वायर जोडता येत होती, पण लग्नात वायर म्हणजे कोणाची तरी आत्या पडणार. म्हणून फणसेंनी त्याला एक डोळा बसवला. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश अगदी मंद ठेवायचा, हाक मारण्यापुरता. ती चमक या डोळ्याला दिसली की लांबचा मोठा फ्लॅश त्याच क्षणी पेटतो. धंद्यात या डोळ्याला 'स्लेव्ह' म्हणतात. गुलामांविषयी मी थोडेफार वाचले होते, आणि त्यांना मालक एकच असतो, एवढे मला माहीत होते. फणसेंच्या गुलामाचे तसे नव्हते, हे आम्हाला शंकरराव कदमांच्या मुलीच्या लग्नात कळले.

कदम हे फणसेंचे शाळेपासूनचे मित्र. गोरव्याला एका कारखान्यात ते फोरमन होते आणि तिथेच जवळ दोन खोल्यांच्या घरात राहत. निवृत्तीला वर्ष उरले असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणे मात्र शाबूत राहिले, ही त्यांच्या पत्नी मालतीबाईंची तक्रार होती. एकुलत्या एक मुलीचे, अलकाचे, लग्न ठरले. जावई गुजराती, अमेरिकेत नोकरीला. लग्नानंतर आठ दिवसांत तिने त्याच्याबरोबर जायचे होते.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी फणसे आणि मी कदमांकडे गेलो होतो. अलका बाहेर गेली आहे याची खात्री करून कदम म्हणाले, "दिन्या, एक काम आहे. कुठे बोलायचं नाही."

"बोल."

"अक्षता टाकताना सगळा मांडव उभा असतो. आणि पोरीचा बाप एकटा खुर्चीत. हे नाही चालायचं. मी उभा राहणार."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टरला आमंत्रण आहे. तो पण उभाच असेल ने तेव्हा." मग त्यांनी खिडकीच्या गजांकडे बोट दाखवले. "रोज सकाळी तिथे धरून उभा राहतो. ही आकडे मोजते. दहापर्यंत जातो. अकराला पाय सांगतो, बस."

"नऊला पण सांगतो," मालतीबाई आतून म्हणाल्या.

"शेवटचं सावधान झालं की मी उठणार. तू फोटो काढ. अलका अंतरपाटाकडे तोंड करून असेल, माझ्याकडे तिची पाठ. तिला दिसणार नाही." कदमांनी दाराकडे एकदा पाहिले. "पोरगी रात्रंदिवस रडते. मी गेले की बाबा अंथरुणाला खिळणार, म्हणते. परवा म्हणाली, लग्न करते पण इथेच राहते. तिला सांगून पटणार नाही, आम्ही दोघं तिला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतो हे तिला ठाऊक आहे. कागदावर दाखवलं पाहिजे. आणि दुसऱ्यांदा जमेल असं मला वाटत नाही."

फणसेंनी एवढेच विचारले, "खुर्ची कुठे ठेवणार आहात?"

लग्नाच्या दिवशी सकाळी ते सर्वांआधी हजर होते. कदमांच्या खुर्चीच्या डावीकडे स्टँड, स्टँडवर छत्री, छत्रीसमोर दुसरा फ्लॅश. खुर्चीसमोर कोणी उभे राहू नये म्हणून त्यांनी दोन समया आड उभ्या केल्या होत्या. मला खुर्चीत बसवून, उठवून, पुन्हा बसवून त्यांनी सगळे जुळवले. सेल एका ठिपक्याचे, नवे कोरे. या कामात चूक राहिली असे कोणीही म्हणू शकले नसते.

मग वरपक्ष आला. अर्धा नडियादहून आणि अर्धा अमेरिकेहून. अमेरिकेहून आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटा कॅमेरा होता आणि प्रत्येक कॅमेऱ्यात एक छोटा फ्लॅश. मराठी लग्न त्यांनी पूर्वी पाहिलेले नव्हते. मंगलाष्टके किती असतात, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. पहिले 'सावधान' झाले, वाजंत्री वाजली, तांदूळ उडाले. झाले लग्न, असे समजून पंचवीस-तीस कॅमेरे एकदम लखलखले, आणि कोपऱ्यात फणसेंचा दुसरा फ्लॅशही त्यांच्याबरोबर आज्ञाधारकपणे लखलखला. दुसऱ्या 'सावधान'ला त्यांना वाटले, मघाशी चूक झाली, आता झाले. पुन्हा लखलखाट. तिसऱ्याला पुन्हा. मामा, मावश्या, भटजी, सगळ्यांना गाण्याची हौस; कडवी संपेनात. फणसेंनी कॅमेरा डोळ्याला लावलेलाही नव्हता आणि त्यांचा फ्लॅश दर क्षणाला उडत होता. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. "हा सगळ्यांचं ऐकतोय," ते पुटपुटले. डोळा काढून टाकावा तर पेटवायला दुसरे साधन नव्हते. वायर स्टुडिओत, दोन मैलांवर होती.

शेवटचे 'सावधान' झाले. अंतरपाट सरकला. कदमांनी डाव्या हाताने खुर्चीची पाठ धरली, मालतीबाईंनी दंडाला आधार दिला, आणि ते उठले. पूर्ण उठले. मालतीबाईंनी हात सोडला. त्यांनी मूठभर अक्षता मुलीच्या पाठीच्या दिशेने टाकल्या. फणसेंनी बटण दाबले. छत्री काळीच राहिली. थकलेले सेल भरत असल्याची बारीक कुंई तेवढी ऐकू येत होती. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. कदम खाली बसले. आणि मग, कुठल्याशा अमेरिकन मावशीच्या कॅमेऱ्याला प्रतिसाद म्हणून, छत्री झगझगीत उजळली.

मांडवात सगळेच उभे होते. त्यामुळे आणखी एक माणूस उभा राहिला, हे आमच्याखेरीज कोणाच्या ध्यानात आले नाही. पाहुण्यांचे सगळे कॅमेरे नवरा-नवरीवर होते. ते फोटो पुढे आम्ही पाहिले. त्यांत मागची भिंत फार उठावदार आली आहे. लाइट फणसेंचा होता.

फणसेंनी ती निगेटिव्ह दाबून ठेवली नाही. शक्य तेवढी खटपट करून प्रिंट काढली आणि कदमांच्या हातात दिली. काळोख, काळोखात फेट्याची कड आणि एक हात. कदमांनी ती बराच वेळ पाहिली.

"मी उभा राहिलो ते तुला दिसलं ने?"

"दिसलं."

"झालं तर मग." मग प्रिंट परत देत म्हणाले, "पण हे तिला पाठवता येणार नाही. म्हणेल, बाबा गेले की काय."

अलका अमेरिकेला गेली. दर पत्रात एकच: बाबांना उठवता का, बसवता का, माझ्यापासून काही लपवू नका, सांगाल तर मी परत येते. फणसे ती पत्रे वाचायला मागत. वाचून झाली की घडी घालून परत देत.

"परत उभा राहशील?" एका रविवारी त्यांनी विचारले.

"आता सातपर्यंतच जातो. घट झालीय."

"मी सांगेपर्यंत मोजत राहा," फणसे म्हणाले.

आणि पुन्हा शनिवार सुरू झाले. आता फणसेंचा प्रश्न वेगळा होता. लाइट कसा हवा, हे त्यांना माहीतच होते. या वेळी तो एका माणसाच्या पायांना परवडला पाहिजे होता. "कदम सात सेकंद उभा राहतो. मला निदान चार फोटो हवेत. एकात डोळे मिटणार, एकात तो बोलणार, एकात माझा हात हलणार. म्हणजे दोन सेकंदांत भरणारा फ्लॅश द्या, जयंतीभाई. आणि तो माझंच ऐकणारा हवा."

जयंतीभाईंनी रेडिओवर चालणारे एक साधन मागवून दिले. ते आम्ही स्टुडिओत लावले आणि मी कदमांच्या जागी, खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. खाली रस्त्यावर रिक्षा सुरू झाली आणि फ्लॅश उडाला. "पाहुण्यांवरून रिक्षावाल्यांवर आलो," म्हणत फणसेंनी ते साधन परत केले. मग डोळ्यावर काळ्या कागदाचे नळकांडे चिकटवून पाहिले, म्हणजे त्याला फक्त एका बाजूचे दिसेल. तेही मनाला येईना. शेवटी त्यांनी माळ्यावरून जुनी वायर काढली, फडक्याने पुसली आणि म्हणाले, "ही जुनी आहे, पायात येते, पण दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही."

राहिला भरण्याचा वेळ. एकच जोरदार फ्लॅश घेतला तर तो पूर्ण ताकदीने उडून पुन्हा भरायला आठ-दहा सेकंद घेई. तेवढ्यात कदम खाली. महिनेच्या महिने फणसे घड्याळ घेऊन भिंती उजळत होते. मग एके दिवशी त्यांनी मला कॉलेजातून बोलावून घेतले. कारण तातडीचे आहे, असा निरोप होता. "साहेब, मी गाढव आहे," ते म्हणाले. "एका बैलाला चाबूक कशाला? पाव ताकदीवर ठेवला की पावच वेळात भरतो. एकाच छत्रीत दोन फ्लॅश बांधायचे, दोन्ही पाव ताकदीवर. म्हणजे उजेड पुरेसा आणि भरायला दोन सेकंद." एक कॅमेऱ्यावर राहणारच होता, म्हणून जुन्या जोडीला आणखी एक घ्यावा लागला. त्याचा रंग जुळवण्यात तीन महिने गेले. तीन म्हणजे नाटक, या सूत्राची मी त्यांना आठवण करून दिली. "दोन एका छत्रीत असले तर ते एकच धरतात," ते म्हणाले. धर्मशास्त्रात अशी सोय नेहमीच असते.

लग्नानंतर चौदा महिन्यांनी एका रविवारी सकाळी आम्ही गोरव्याला गेलो. खोली दहा बाय दहा. एका भिंतीजवळ खुर्ची आणि खुर्चीत कदम, समोरच्या भिंतीला पाठ टेकून फणसे, मध्ये छत्री. जमिनीवर वायरी पसरल्या होत्या आणि मालतीबाई त्यांवरून पाय उचलत चालत होत्या.

"भाऊजी, माझा स्वयंपाक राहिलाय. फोटो काढताय की वीज खात्याचं काम करताय?"

"वहिनी, पाच मिनिटं. शंकऱ्या, तयार?"

"चौदा महिने तयार आहे. तुझंच अडलं होतं."

मी घड्याळ धरून उभा होतो. कदम उठले. मालतीबाईंनी हात सोडला. फणसेंनी बटण दाबले आणि खोली उजळली. एक, दोन, पुन्हा उजळली.

"हनुवटी खाली. हसू नकोस."

"हसत नाही रे. पाय थरथरतोय."

"थरथरू दे. इकडे बघ."

सात झाले. चार फोटो झाले होते. मी "सात" म्हणालो, पण कोणी ऐकले नाही. दहा झाले. पंधरा. फणसेंच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते तो पुसत नव्हते. तिसाव्या सेकंदाला मी मोजणे बंद केले. तेव्हा लक्षात आले, की फणसे फ्लॅश निवडत असताना हा माणूस चौदा महिने रोज सकाळी खिडकीचे गज धरून उभा राहत होता, आणि आपले किती झाले हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. मालतीबाईंना ते माहीत होते. त्या पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"रोल संपला," फणसे म्हणाले.

"संपला? मी आहे अजून."

छत्तीस फोटो झाले होते. फणसे तिथेच, वायरींवर, जमिनीवर बसले.

त्यांतला एक फोटो त्यांनी निवडला. अर्थात निवडायला दोन आठवडे घेतले. तो अप्रतिम होता. अर्ध्या चेहऱ्यावर सौम्य उजेड, अर्ध्यावर पातळ सावली, डोळ्यांत ठिणगी, आणि सबंध मुद्रेवर असा करारीपणा, की पाहणारा नकळत सरळ बसावा. अमेरिकेला पाठवायचे पाकीट तयार झाले. बरोबर दोन ओळी लिहाव्यात, असे मालतीबाईंचे म्हणणे पडले. फणसेंनी हात वर केला. "काही लिहायचं नाही, वहिनी. चिठ्ठी जोडावी लागली तर फोटो नापास."

अलका त्यानंतर परत येण्याची भाषा बोलली नाही. दीड वर्षाने भेटायला आली, तेव्हा काठी टेकत कदमांनीच दार उघडले. फणसे ही गोष्ट भेटेल त्याला सांगत. "चौदा महिने लागले, पण एक फोटो गेला आणि पोरगी तिथे सुखानं राहिली. बोलतो तो फोटो." कदम शेजारी असले तर मान डोलवत.

फणसे गेले ते एका सकाळी, स्टुडिओचा जिना चढताना. खाली किराणा दुकानात बातमी आधी कळली, कारण खिशांतले सेल पायऱ्यांवरून गडगडत दुकानाच्या दारात आले. त्या अध्यक्षांच्या मंडळाने शोकसभा घेतली. व्यासपीठावर फणसेंचे सर्वोत्तम काम म्हणून कदमांचा तो फोटो मोठा करून ठेवला होता. प्रमुख वक्त्यांनी फणसेंना प्रकाशाचे पुजारी म्हटले, तेजाचे यात्रिक म्हटले, आणि मग फोटोकडे हात करून, शब्दांवाचून सर्व काही सांगणारी कला ती हीच, असे सांगितले. टाळ्या शोकसभेत वाजवायच्या नसतात. पण काहींना राहवले नाही.

कदम माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी डाव्या हाताने कोटाच्या आतल्या खिशातून एक जुने निळे हवाई टपालाचे पाकीट काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. "वाचा. दिन्याला कधी दाखवलं नाही."

फोटो मिळाल्यावर अलकाने लिहिलेले पत्र होते ते. फोटो फारच सुंदर आला आहे, तिने लिहिले होते. बाबांच्या चेहऱ्यावर किती तेज आले आहे, आता माझी काळजी मिटली. दिनूकाकांना माझा नमस्कार सांगा. खुर्चीत बसलेले असूनही बाबा अगदी रुबाबदार दिसतात.

मी मान वर करून व्यासपीठाकडे पाहिले. तो फोटो मी त्याआधी निदान पन्नास वेळा पाहिला असेन. फोटो छातीपर्यंत होता. छत्तीसच्या छत्तीस तसेच आहेत.